तळहातांत मावणारी आई : राफाएलची ‘मॅडोना ऑफ द पिंक्स’

रानजाई

लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार राफाएलने काढलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या दोन चित्रांपुढे उभे राहताना माणसाला अंगाची ठेवणच बदलावी लागते. ‘ऍन्सिडेई मॅडोना’ हे 1505च्या सुमाराचे वेदीवरचे चित्र दोन मीटरांहून उंच आहे, आणि त्याच्यापुढे आपण आपसूक चार पावले मागे सरकतो. दुसरे चित्र ‘मॅडोना ऑफ द पिंक्स’ साधारण 1506-07 मधले. त्याची उंची 27.9 सेंटीमीटर आणि रुंदी 22.4 सेंटीमीटर, म्हणजे कार्यालयातल्या ए-फोर कागदापेक्षा बोटभर आखूड आणि बोटभर रुंद. या चित्रापुढे मात्र मी इतकी वाकले होते की मागच्या माणसाला बहुधा चित्राऐवजी माझी वेणीच दिसली असावी.

चित्रात घडते ते फार थोडे. खोलीत आई बसली आहे, तिच्या मांडीवर पांढऱ्या उशीवर उघडे बाळ आहे, मागे हिरवा पडदा आहे आणि उजवीकडे दगडी खिडकीतून दूरवरचा प्रदेश व एक पडकी इमारत दिसते. आईच्या बोटांतून बाळाच्या बोटांत बारीक देठांची फुले जात आहेत. दोघांचीही नजर आपल्याकडे नाही. वेदीवरची मेरी भाविकांकडे पाहते किंवा निदान त्यांची दखल घेतल्यासारखी बसते. इथे आपण खोलीत आहोत याचा त्या दोघांना पत्ताच नाही.

माझे म्हणणे असे की हे चित्र भिंतीसाठी काढलेले नाही, ते हातात धरून पाहण्यासाठी काढलेले आहे, आणि ही एक गोष्ट ध्यानात घेतली की त्याच्याविषयीच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पेरुजा शहरातल्या बड्या ओद्दी घराण्यातील माद्दालेना या स्त्रीने संन्यासिनी झाल्यानंतर ते काढवून घेतले असावे, अशी परंपरा आहे. तिच्यासारख्या बाईच्या खोलीत ते एखाद्या प्रार्थनापोथीसारखे असेल, असे गॅलरीच्या अभ्यासकांनीही सुचवले आहे. आपल्याकडच्या देवघरात कुलदैवताचा चांदीचा टाक असतो, तो उचलतात, पुसतात, कपाळाला लावतात. मूर्तीचे दर्शन घ्यायला आपण जातो आणि टाक मात्र आपल्या हातात येतो. हा फरक मनात ठेवून हे चित्र पाहावे.

रचना राफाएलने शून्यातून उभी केलेली नाही. लिओनार्दोने त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ मागे काढलेली ‘बेन्वा मॅडोना’, जी आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, तिच्यातही आई, मांडीवर बाळ, दोघांमध्ये फूल आणि वर एका बाजूला खिडकी अशीच मांडणी आहे. लिओनार्दोच्या खिडकीतून मात्र नुसते आकाश दिसते. राफाएलने तिथे प्रदेश आणला, खोलीतला अंधार थोडा उजळला आणि आकार आणखी कमी केला. लिओनार्दोचे चित्र त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे.

आता यातली मजेची गोष्ट. 1853 साली नॉर्थम्बरलंडच्या चौथ्या ड्यूकने रोममधल्या चित्रकार विन्चेन्झो कामुचिनी याच्या घराण्याकडून बराच मोठा संग्रह विकत घेतला, आणि त्यातून हे चित्र इंग्लंडच्या उत्तरेकडील ऍनिक किल्ल्यात आले. पुढे जाणकारांना शंका आली, या रचनेच्या अनेक नकला युरोपभर आहेतच, तेव्हा हीदेखील त्यांतलीच एक, असा समज रूढ झाला. 1991 साली नॅशनल गॅलरीचे निकोलस पेनी किल्ल्यात गेले असता त्यांची नजर या चित्रावर थबकली. गॅलरीत आणून अवरक्त किरणांखाली तपासल्यावर रंगाखालचे रेखाटन दिसले, आणि पुढच्या वर्षी पेनी यांनी हे राफाएलचेच असल्याचे लेख लिहून जाहीर केले. 2004 साली गॅलरीने ते 2 कोटी 20 लाख पौंडांना विकत घेतले.

ज्यांनी हे चित्र पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. ज्यांनी नुसते पडद्यावर पाहिले आहे त्यांनीही लिहावे, फक्त ते मोठे करून पाहण्याचा मोह आवरून.

सावकाश

उत्तम धागा. एक भाषिक तक्रार आधी नोंदवतो, म्हणजे मग मोकळेपणाने वाचता येईल. मराठीत काही ठिकाणी या चित्राचा उल्लेख ‘गुलाबी मॅडोना’ असा होतो, तो चुकीचा आहे. चित्रात गुलाबी रंगाला काही विशेष स्थान नाही. एकूण रंगसंगती निळ्या-हिरव्याकडे झुकणारी, थंड आहे. ‘पिंक’ हे इंग्रजीत आधी फुलाचे नाव होते, रंगाला ते नंतर चिकटले. इटालियन नाव ‘गारोफानी’ असे आहे आणि त्याचा अर्थ कार्नेशनच्या कुळातली फुले.

रानजाई

सावकाश, अगदी मान्य. म्हणूनच मी शीर्षकात भाषांतर केले नाही. आपल्याकडे या फुलाला घरगुती नाव नाही, रोपवाटिकेतही ‘डायंथस’ असेच म्हणतात.

पॉलीहाऊसवाला

चित्रकलेतले मला काही कळत नाही, पण फूल माझ्या रोजच्या हाताखालचे आहे, म्हणून लिहायचे धाडस करतो. मावळात आमची कार्नेशनची दोन पॉलीहाऊस आहेत. रानजाई यांनी दिलेल्या नावावरून चित्र शोधले, आणि ते मोठे केल्याशिवाय मला फुले दिसेनात, तेव्हा त्यांची अट मोडली याबद्दल क्षमस्व.

आम्ही लावतो ते कार्नेशन म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे, लांब दांड्याचे, बाजारात वीस-वीसच्या जुड्या बांधून जाणारे फूल. चित्रातले त्याचे गरीब चुलत भावंड असावे. देठ बारीक आहे, फूल लहान आहे. या कुळातल्या रानटी फुलाला पाच पाकळ्या असतात आणि पाकळीची कड कात्रीने बारीक दातेरी कापल्यासारखी असते. आमच्या जातींत पाकळ्या इतक्या वाढवल्या आहेत की कळी उमलताना खालची हिरवी कुपी एका बाजूने उसवते आणि फूल वाकडे फाकते. अशा मालाला भाव मिळत नाही, म्हणून उमलण्याआधी कळीला बारीक रबरी कडे चढवावे लागते. सकाळी सहा वाजल्यापासून बाया हेच काम करत असतात. टिकाऊपणाच्या मागे लागून वासही जवळपास गेला आहे. जुन्या जातींना लवंगेसारखा वास असतो, हे मात्र मी स्वतः हुंगून सांगतो.

तळटीप

पॉलीहाऊसवाला यांनी नकळत किल्लीच हातात दिली. इटालियन भाषेत ‘गारोफानो’ हा एकच शब्द या फुलालाही लागतो आणि लवंगेलाही. दोहोंतील वासाचा घटक एकच आहे. लवंगेला तर तिथे ‘कियोदो दी गारोफानो’ म्हणतात, आणि ‘कियोदो’ म्हणजे खिळा. जर्मनमध्ये याच फुलाला ‘नेल्के’ म्हणतात, तो शब्दही ‘छोटा खिळा’ यावरूनच आला. लवंग तळहातावर ठेवून पाहिली तर डोके आणि टोक असलेला लोहाराने घडवलेला खिळाच दिसतो, आणि उमलण्याआधीची हिरव्या कुपीतली कळीही तशीच.

त्या काळच्या ख्रिस्ती प्रेक्षकाला खिळा म्हटल्यावर काय आठवणार हे सांगायला नको. क्रुसावर जात असलेल्या मुलासाठी मेरीने अश्रू ढाळले आणि ते जिथे पडले तिथे ही फुले उगवली, अशी आख्यायिकाही आहे. दुसरीकडे वाङ्‌निश्चयाच्या वेळी काढलेल्या व्यक्तिचित्रांत वधू किंवा वर हातात हेच फूल धरतात. म्हणजे आई बाळाला खेळायला जे फूल देते आहे त्यात वचनही आहे आणि मरणही आहे.

हिशेबनीस

प्रतीकांचा हा खेळ मला नेहमीच थोडा सोयीचा वाटत आला आहे. बाळाच्या हातात फूल दिले तर खिळा, फळ दिले तर आदिपाप, पक्षी दिला तर दुःखभोग. मग बाळाच्या हातात नुसते फूल कधी असूच शकत नाही काय?

माझा मूळ प्रश्न पैशांचा आहे. चित्राचे क्षेत्रफळ 625 चौरस सेंटीमीटर भरते. 2 कोटी 20 लाखांना भागले तर चौरस सेंटीमीटरला 35,200 पौंड पडतात. त्या वेळच्या दराने एकूण रक्कम पावणेदोनशे कोटी रुपयांच्या वर जाते. 1990 साली तेच लाकूड, तोच रंग, तेच बाळ असलेले हे चित्र नक्कल म्हणून किरकोळीत गेले असते. पृष्ठभागावरचा एक कणही बदललेला नाही. मग हे पैसे नेमके कशाचे मोजले?

तळटीप

हिशेबनीस, फूल नुसतेही असू शकते, आणि या चित्राचे बळ त्यातच आहे. प्रतीक कळले नाही तरी चित्र अडत नाही. अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला ते हसू थोडे वेगळे दिसते, एवढेच.

खडूफळा

हिशेबनीस यांच्या प्रश्नाचे उत्तर पेनींना कसे मिळाले ते मी माझ्या धंद्यातून सांगते. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसवली. स्मरणचित्राच्या सरावात एखादा मुलगा घरून छाप काढून आणतो, तो मला रंगाखालूनही ओळखू येतो. छापलेल्या रेषेचा दाब सगळीकडे सारखा असतो. ती कोपरावर अडखळत नाही आणि भलतीकडे जातही नाही, कारण तिला मुक्काम आधीच ठाऊक असतो. स्वतः काढणाऱ्या मुलाची रेषा खांद्याशी तीनदा फिरते, एकदा चुकते, मग चौथीवर तो विश्वास ठेवतो आणि रंगवताना त्या चौथीलाही सोडून देतो.

या चित्राच्या अवरक्त प्रतिमा मी पाहिल्या आहेत. वस्त्राच्या चुण्या मोकळ्या हाताने शोधल्या आहेत, आणि वर रंग देताना त्यांतल्या काही तशाच ठेवल्या, काही बदलल्या. राफाएलच्या कागदावरच्या रेखाटनांत हात जसा चालतो तसाच तो इथे चालला आहे, हा पेनींच्या मांडणीचा गाभा.

अंधारखोली

हे दिसते कसे, तेवढे थोडक्यात. लाकडी फळीवर सरस आणि पांढऱ्या भुकटीचे अस्तर चढवून ते गुळगुळीत घासत, त्यावर रेखाटन करत आणि मग तेलरंगाचे पातळ थर देत. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश वरच्या रंगातच अडकतो. अवरक्त किरणांची तरंगलांबी जास्त असल्याने ते बऱ्याच रंगांतून पार जातात, पांढऱ्या अस्तरावर आपटून परत येतात आणि वाटेत रेखाटनाची काळी रेषा लागली तर तिथे शोषले जातात. संवेदकावर त्या रेषा काळ्या उमटतात. रंगाचा थर जितका पातळ तितके चित्र स्पष्ट.

इथे फळी यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची आहे, आणि इटालियन चित्रांना ही गोष्ट नेहमीची नाही. तिकडे बहुतेक काम पॉप्लर या झाडाच्या लाकडावर होत असे. इतक्या लहान फळीला दाट, बारीक वीण असलेले लाकूड घेणे मला शहाणपणाचे वाटते. रानजाई यांच्या मुद्द्यालाही त्याने बळकटी येते, कारण हातात धरायच्या वस्तूचे लाकूडही हाताला नीट लागले पाहिजे.

रानजाई

अंधारखोली, लाकडाचा हा धागा माझ्या मनात आलाच नव्हता, आभार.

याच जातीचे आणखी एक उदाहरण देते. राफाएलची ‘कोनेस्ताबिले मॅडोना’ आपल्या चित्राहूनही लहान आहे, जेमतेम वीतभर, आणि तीही पेरुजाकडचीच. पुढे ती रशियाच्या झारने विकत घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा रंग लाकडावरून सोडवून कापडावर चढवला, तेव्हा मागच्या बाजूने खालचे रेखाटन उघडे पडले. वर मेरीच्या हातात पुस्तक आहे आणि खाली डाळिंब होते. म्हणजे चित्रकाराने मध्येच मन बदलले होते. नक्कल करणाऱ्याला मन बदलण्याचे कारणच काय?

हिशेबनीस

नक्कल करणारा हुशार असेल तर तोही चुण्या बदलेल. शिवाय सगळ्यांनी हे मान्य केलेले नाही. कोलंबिया विद्यापीठाचे जेम्स बेक यांनी शेवटपर्यंत विरोध केला. त्यांचे म्हणणे मी वाचले आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही: खरेदीच्या आधी शंका मोकळेपणाने चर्चिली गेली नाही आणि ज्या संस्थेला चित्र हवे होते तिच्याच लोकांनी ते खरे ठरवले.

खडूफळा

बेक यांची संस्थेविषयीची तक्रार गंभीर आहे आणि ती कोणत्याही मोठ्या खरेदीला लागू पडते. हे चित्र राफाएलचे नव्हे, ही शंका मात्र चित्रापाशी टिकत नाही. त्यांना शंका होती हे खरे, पण अभ्यासकांचा मोठा वर्ग आज पेनींच्या बाजूने आहे. मी माझे मत सांगते: बाळाच्या पोटाची आणि मांडीची वळणे पाहा. इतक्या लहान जागेत मांस मऊ दिसावे आणि तरी आतले हाड चुकू नये, हे नकलाकाराला जमत नाही. तो बाहेरच्या रेषेला जपतो आणि आतल्या घडणीला मुकतो.

पैशांविषयी एक भर. ड्यूक ते चित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाला जवळजवळ साडेतीन कोटी पौंडांना विकणार होते. सरकारने निर्यात थोपवून धरली. देशातल्या सार्वजनिक संस्थेला विकले तर विकणाऱ्याला करात सूट मिळते, त्यामुळे गॅलरीला ते 2 कोटी 20 लाखांत मिळू शकले. त्यांतले 1 कोटी 15 लाख लॉटरीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वारसा निधीने दिले. खरेदीनंतर चित्र मँचेस्टर, कार्डिफ, एडिंबरा असे फिरवून आणले, कारण पैसा साऱ्या देशाचा होता.

सावकाश

हिशेबनीस यांच्यासाठी आणखी एक आकडा. रानजाई यांनी उल्लेखिलेली ती प्रचंड ‘ऍन्सिडेई मॅडोना’ याच गॅलरीने 1885 साली मार्लबरोच्या ड्यूककडून 70,000 पौंडांना घेतली, आणि तेव्हाही लंडनमध्ये एवढे पैसे कशासाठी म्हणून ओरड झाली होती. ड्यूक लोकांनी विकायचे आणि जनतेने ओरडायचे हा तिथला जुना शिरस्ता दिसतो. शिवाय ज्या कामुचिनी संग्रहातून आपले चित्र आले त्याच संग्रहातून बेलिनीची ‘देवांची मेजवानी’ही आली होती. ती 1916 साली नॉर्थम्बरलंडकडून गेली आणि आज वॉशिंग्टनमध्ये आहे.

मांडवीकाठ

हातात धरायच्या चित्रांचा विषय निघाला म्हणून गोव्याकडून एक गोष्ट सांगतो.

अकबराच्या निमंत्रणावरून रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को एन्रिकेस हे तीन येशूसंघी (जेझुइट) पाद्री 1579च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि 1580च्या फेब्रुवारीअखेर फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांच्या सामानात अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतले भले थोरले बायबल होते आणि रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमधील मेरी व बाळाच्या पूज्य चित्राची प्रत होती. अकबराने त्या चित्राला आदराने वंदन केले, अशी पाद्र्यांची नोंद आहे. पुढे युरोपातून आलेली छापील चित्रे शाही चित्रशाळेत पोहोचली आणि मुघल चितारी स्वतःच मेरी-बाळ काढू लागले.

मला इथे एवढेच म्हणायचे आहे की कागदावरची मुघल चित्रे भिंतीवर लावत नसत. ती मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या बांधलेल्या वहीत असत, मांडीवर घेऊन पाने उलटत पाहिली जात. वेदीवरची ती मेरी हिंदुस्थानात येऊन पुन्हा मांडीवर आली. रानजाई यांचा मुद्दा पेरुजाइतकाच आग्र्यालाही लागू पडतो.

तळटीप

मांडवीकाठ, छान. आता पेरुजाकडे परत जातो, कारण तिथली एक घटना या चित्राशेजारी ठेवल्याशिवाय मला राहवत नाही.

ओद्दी आणि बाल्योनी ही पेरुजातली हाडवैरी घराणी. 1500 साली बाल्योनी घराण्यात आपसांतच कत्तल झाली आणि तिचा एक सूत्रधार ग्रिफोनेत्तो स्वतः मारला गेला. त्याची आई आतालान्ता बाल्योनी हिने पुढे राफाएलकडून चित्र मागवले. येशूचे कलेवर वाहून नेत आहेत आणि मागे मेरी शुद्ध हरपून कोसळली आहे, असे ते चित्र 1507 सालचे आहे. आज ते रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. ते ज्या सान फ्रान्चेस्को चर्चसाठी होते, त्याच चर्चमध्ये राफाएलने ओद्दी घराण्यासाठी आधी काढलेले मेरीच्या राज्याभिषेकाचे वेदीवरचे चित्रही होते.

म्हणजे विशीतला एक चित्रकार एकाच वर्ष-दीड वर्षात, एकाच शहराच्या दोन वैरी घराण्यांतल्या स्त्रियांसाठी, एक आई मांडीवरच्या मुलाला फूल देताना आणि दुसरी आई मुलाच्या प्रेतामागे कोसळताना रंगवत होता. माद्दालेनाची परंपरा खरी धरली तर ही जोडी फार बोलकी आहे.

सावकाश

राफाएलची स्वतःची आई तो आठ वर्षांचा असताना, 1491 साली वारली आणि अकराव्या वर्षी वडीलही गेले. वडील जोव्हान्नी सान्ती हेही उर्बिनोचे चित्रकार. चित्रकारांचा जुना चरित्रकार वासारी याने लिहून ठेवले आहे की मुलाला दाईकडे न पाठवता त्याच्या आईनेच अंगावर पाजावे असा वडिलांचा आग्रह होता. आठव्या वर्षी आई गमावलेला माणूस आयुष्यभर आई-बाळच रंगवत राहिला, यात काही अर्थ नाही काय?

खडूफळा

मला हा अर्थ नेहमीच धोक्याचा वाटतो. आई-बाळ हा त्या काळच्या बाजारातला सर्वांत खपाचा विषय होता. 1504च्या सुमारास फ्लॉरेन्सला गेलेल्या होतकरू चित्रकाराला पोट भरायचे तर हेच काढावे लागे. आई हयात असती तरी त्याने हेच काढले असते. त्याचे हात कशात गुंतले होते ते पाहा, मनात काय होते ते त्याचे त्याला ठाऊक.

सावकाश

मान्य, तरीही मी माझे म्हणणे पूर्ण मागे घेत नाही.

अंधारखोली

रानजाई, मूळ मुद्द्यावर एक आक्षेप. टाक उचलून-पुसून झिजतो. आमच्या घरच्या खंडोबाचे नाकडोळे पार गेले होते, शेवटी सोनाराकडून नवा करून घ्यावा लागला. हे चित्र खरोखर रोज हाताळले गेले असते तर चेहऱ्यांवर झीज दिसली असती. तशी ती दिसत नाही. मग हातात धरण्याची गोष्ट कितपत धरावी?

रानजाई

आक्षेप योग्य आहे आणि माझी टाकाची उपमा त्यापुढे कमी पडते, हे कबूल करते. मी उपमा बदलते. आमच्या आजीकडे एक पोथी होती. ती रोज उघडली जाई, पण लाल बासनातून सोडवून, हात धुऊन, पाटावर ठेवून आणि पाने कडेने धरून. साठ वर्षांत तिच्या कडा काळवंडल्या, अक्षरावर डाग नाही. धरणे आणि चोळणे यांत फरक आहे. तेलरंगाच्या चित्रावर कोणी शहाणी बाई बोट फिरवणार नाही. ती कडेने धरील, पाहील आणि झाकून ठेवील.

आकाराचा पुरावा मला झिजेपेक्षा मोठा वाटतो. खिडकीतली ती पडकी इमारत बोटाच्या पेराएवढी आहे आणि तरी तपशिलाने काढली आहे. भिंतीवरच्या चित्रात एवढ्या जागेत असे काम कोणी करत नाही, कारण ते कोणाला दिसणार नाही. ते वीतभर-दोन वीत अंतरावरूनच दिसते, आणि तेवढ्या अंतरावर चित्र आणायचे तर एक तर आपण त्याच्याकडे वाकायचे, नाही तर त्याला आपल्याकडे घ्यायचे.

हिशेबनीस

हे पटले. किमतीबद्दलचे मत मी राखून ठेवतो, पण खिडकीचा मुद्दा पटला. मी चित्र पुन्हा उघडले आणि पहिल्यांदाच इमारतीकडे पाहिले.

पॉलीहाऊसवाला

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही. तालुक्याच्या गावी छपाईच्या दुकानात या चित्राची मोजून 27.9 बाय 22.4 अशी रंगीत प्रत काढली आणि मालाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. दुकानदार म्हणाला, पान पूर्ण भरून घ्या, याच पैशांत मोठी निघेल. नको म्हटले.

घरी आल्यावर ती माझ्या आईच्या हातात दिली. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, चष्मा जवळ नव्हता. तिने आधी पुठ्ठा लांब धरला, मग उंबऱ्यापाशी उजेडात जाऊन बसली आणि मांडीवर टेकवून बराच वेळ पाहत राहिली. कोण, कुठले, काही विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “फूल आता तोंडात घालील बघ ते.” रानजाई, तुमच्या कामाचे म्हणून एवढेच नोंदवतो की तिने पुठ्ठा दोन्ही हातांनी खालून धरला होता, आणि तिचे अंगठे बरोबर त्या पांढऱ्या उशीच्या खाली आले होते.